जुना गिअरबॉक्स घेताना नाव नको, माप पाहा

नावावर विकल्या जाणाऱ्या मालात धोका जास्त असतो, हे व्यापार करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. ठाणावर कोणत्या मिलचा शिक्का छापला आहे हे पाहून आम्ही सौदा करीत नाही. पन्ना मोजतो, कडेचा धागा ओढून पाहतो, पिक ग्लास लावून इंचाला उभे धागे किती, आडवे किती हे मोजतो आणि मगच भाव बोलतो. शिक्का कोणीही मारू शकतो, धागे मात्र खोटे बोलत नाहीत. परंतु हाच व्यापारी गाडीसाठी जुना गिअरबॉक्स घ्यायला जातो तेव्हा काय होते? दुकानदार म्हणतो, "जीपचाच आहे, पाच गिअरचा आहे, घेऊन जा." आणि हजारो रुपयांचा माल तो केवळ या एका वाक्यावर उचलून आणतो.

या पानावर गिअरबॉक्सचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आपल्यापैकी कितीतरी जण आठवडी बाजार करतात. कापडाच्या गाठी, भांडी, चपला, मसाले भरून जुन्या जीपा आणि व्हॅन गावोगाव फिरतात. इंजिन थकले की नवी गाडी घेण्याची ऐपत नसते, म्हणून दुसरे इंजिन व दुसरा गिअरबॉक्स बसविण्याचा बेत होतो. दुसरीकडे, हे काम करणारे मिस्त्री, लेथवाले, वेल्डर आणि जुने स्पेअर विकणारे यांच्यातही आपल्याच समाजातील माणसे मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे घेणारा आपला, बसविणारा आपला आणि विकणाराही बहुधा आपलाच. सौदा बिघडला की पैसा तर जातोच, पण तिघांचे बोलणेही बंद होते.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका फेरीच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत असेच घडले. मिस्त्रीने इंजिन खाली उतरविले, जुन्या बाजारातून "त्याच गाडीचा" म्हणून गिअरबॉक्स आणला आणि जोडायला घेतला, तर बेल हाऊसिंग आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहू लागली. बोल्ट आवळून फट मिटवू, असे ठरले. आवळता आवळता हाऊसिंगचा कान तुटला. दुकानदार म्हणाला, तुटलेला माल परत घेणार नाही. मिस्त्री म्हणाला, माल चुकीचा दिला. मालक म्हणाला, माझे तीन बाजार बुडाले. आमच्या मते तिघांनाही आपापली बाजू खरी वाटत होती. माल उचलण्यापूर्वी इनपुट शाफ्टची लांबी मोजली असती तर हा तंटा उभाच राहिला नसता. मोजायला पाच मिनिटे लागतात.

एका नावाखाली अनेक पेट्या

"जीपचा गिअरबॉक्स" ही एक वस्तू नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ज्या कंपनीने आपल्या देशात जीप घरोघरी पोहोचविली ती १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. त्यातील मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. १९४७ पासून विलीज जीपची जुळणी इथे सुरू झाली. त्या घराण्याच्या सी.जे.-३बी जीपमध्ये तीन गिअरची टी-९० पेटी होती. पुढे प्यूजोच्या परवान्याचे २११२ सी.सी.चे डिझेल इंजिन आले, चार गिअरची पेटी आली, त्यानंतर पाच गिअरची आली. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या गाड्या जीपच. पण पेटी वेगळी, इनपुट शाफ्ट वेगळा, मागचे तोंड वेगळे. खुद्द टी-९० मध्येही निरनिराळ्या इंजिनांसाठी इनपुट शाफ्टची लांबी निरनिराळी असे.

मारुती जिप्सीचेही तेच. पहिल्या जिप्सीचे इंजिन ९७० सी.सी.चे आणि गिअर चार. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, तिचे इंजिन १.३ लिटरचे आणि गिअर पाच. बाजारात दोन्हींना "जिप्सीची पेटी" असेच म्हणतात. शिवाय जिप्सीमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि मध्ये आखूड शाफ्ट असतो, तर जुन्या जीपमध्ये ती गिअरबॉक्सच्या पाठीला थेट चिकटलेली असते. एकीचे मागचे तोंड पाहून दुसरीचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली.

उस्तादाची नजर आणि तिची मर्यादा

आमचे जुने मिस्त्री म्हणतात, आम्हाला मोजायची गरज नाही, पेटी पाहताच ओळखतो. त्यांच्या नजरेचा आम्ही आदर करतो. उस्तादाजवळ वीस वर्षे बसून मिळविलेली ती विद्या आहे. परंतु नजर ओळखते ती बाहेरची पेटी. आतले दाते तिला दिसत नाहीत.

अमेरिकेतील एक उदाहरण या धंद्यात प्रसिद्ध आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६३ ते १९७४ या काळात 'मन्सी' नावाची चार गिअरची पेटी येत असे. तिचे तीन प्रकार होते, एम-२०, एम-२१ आणि एम-२२. बाहेरून तिन्ही जवळपास सारख्या. ओळख म्हणून इनपुट शाफ्टवर गोल खाचा असत. एम-२० ला दोन, एम-२१ ला एक, एम-२२ ला एकही नाही. १९६६ नंतरच्या एम-२० चा पहिला गिअर २.५२ चा, तर एम-२१ चा २.२० चा. १९७० च्या सुमारास शाफ्टवरच्या स्प्लाइनही १० वरून २६ झाल्या, म्हणजे क्लच प्लेट बदलली. आता या पेट्यांना पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मध्ये कोणी शाफ्ट बदलला असेल तर खाच एक सांगते आणि आतले दाते दुसरेच असतात. म्हणून तिथले जाणते लोक खाच पाहतात, नंबर वाचतात आणि तरीही शाफ्ट फिरवून मोजतात.

फोर्ड मस्टँगसारख्या गाड्यांत आलेल्या टी-५ पेटीचे असेच आहे. मागच्या भागाच्या एका बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते, तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा नंबर असतो आणि त्यावरून प्रकार कळतो. पण पट्टी बोल्टखालचीच. बोल्ट काढला की ती हरवते किंवा दुसऱ्या पेटीवर जाते. या टी-५ मध्येही जुन्या प्रकाराला गिअर ऑइल लागते आणि 'वर्ल्ड क्लास' नावाच्या सुधारित प्रकाराला ऑटोमॅटिक गाड्यांचे पातळ तेल लागते. म्हणजे ओळख चुकली तर तेलही चुकते.

काय मोजावे

पहिली गोष्ट नंबर. पेटीवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. ओतकामात उठून आलेला आकडा आणि नंतर ठोकलेला आकडा. ओतीव आकडा फक्त कवचाची ओळख देतो. एकाच कवचात वेगवेगळ्या रेशोचे दाते भरले जातात. ठोकलेला आकडा किंवा पट्टी अधिक सांगते, पण ती मूळची असेल तर. दोन्ही लिहून घ्यावेत आणि दोन्हींवर पूर्ण विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट इनपुट शाफ्ट. स्प्लाइन मोजाव्यात. एका दात्यावर खडूची खूण करून तिथपासून मोजले तर चूक होत नाही. व्यास व्हर्नियरने घ्यावा. टी-९० ला १० स्प्लाइन आणि सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे एक इंच एक दोरा जाडीचा शाफ्ट असतो. सर्वात सोपी परीक्षा अशी की, योग्य क्लच प्लेट सोबत न्यावी आणि शाफ्टवर सरकवून पाहावी. ती हाताने सरकली पाहिजे आणि गोल फिरविताना खडखडता कामा नये. इंजिन एका घराण्याचे आणि पेटी दुसऱ्या घराण्याची असेल तर प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनच्या फ्लायव्हील व प्रेशर प्लेटप्रमाणे आणि मधला हब पेटीच्या शाफ्टप्रमाणे लागतो. अशी प्लेट मिळते का, हे पेटी घेण्यापूर्वी विचारावे.

तिसरी गोष्ट शाफ्टचे टोक. ते क्रँकच्या मागील पायलट बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये बसते. टोकाचा व्यास आणि लांबी, दोन्ही जुळावी लागतात. शाफ्ट लांब असेल तर टोक क्रँकला टेकते आणि बेल हाऊसिंग टेकत नाही. आखूड असेल तर पुढचा आधार सुटतो, आणि अशी गाडी काही दिवस चालून मग बेअरिंग खाते. जोडताना पेटी हाताने पुढे सरकून बसली पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढू नये. बाहेर काढून कारण शोधावे.

चौथी गोष्ट तोंडे आणि जागा. बेल हाऊसिंगचे छिद्र इंजिनच्या छिद्राला जुळते का, सेल्फ कोणत्या बाजूला येतो, क्लच केबलने चालतो की तेलाच्या दाबाने, गिअरची दांडी कुठे निघते, स्पीडोमीटरची केबल बसते की तिथे विजेचा सेन्सर आहे, मागचे माउंटिंग चेसिसच्या आडव्या पट्टीवर येते का, आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी किती बदलेल. यातील एक गोष्ट चुकली तर लेथ आणि वेल्डिंगचा खर्च वाढतो. तीन चुकल्या तर दुसरी पेटी शोधणे स्वस्त पडते.

पाचवी गोष्ट रेशो, आणि ही फिरवून मोजायची असते. इनपुटवर आणि आउटपुटवर खडूची खूण करावी. पहिला गिअर टाकावा. इनपुट फिरवत जावा आणि आउटपुटचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत इनपुटचे फेरे मोजावेत. एका फेऱ्यात अंदाज चुकतो, म्हणून आउटपुटचे दहा फेरे करून दहाने भागावे, जसे एका ऐवजी दहा मीटर कापड तोलून वजन काढतो तसे. टी-९० चा पहिला गिअर २.७९८ चा आहे, म्हणजे दहा फेऱ्यांना इनपुट जवळपास २८ वेळा फिरेल. दुसरा १.५५ चा, तिसरा थेट, म्हणजे फेऱ्यास फेरा. जीपची ट्रान्सफर केस पाठीला लावलेली असेल तर ती हायमध्ये ठेवून मोजावे. लोमध्ये आकडा जवळपास अडीच पट येईल.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पेटी आणि डिफरन्शियल एकत्र असतात. तिथे एका बाजूचे तोंड घट्ट धरले की दुसरी बाजू दुप्पट फिरते. म्हणून मोकळ्या बाजूचे दोन फेरे होईपर्यंत इनपुटचे फेरे मोजावेत. तो आकडा गिअर आणि क्राउन-पिनियन मिळून एकत्र रेशोचा असतो.

पाच गिअर म्हणजे गाडी धावणार, हा समजही सोडून द्यावा. काही पेट्यांत पाचवा गिअर थेट असतो, तर बऱ्याच पेट्यांत तो ०.८० च्या आसपास असतो. फरक किती पडतो हे हिशेबाने पाहू. सी.जे.-३बी चा क्राउन-पिनियन ५.३८ चा आणि चाकाचा एक फेरा सुमारे २.२ मीटरचा धरला, तर मिनिटाला २५०० फेऱ्यांवर थेट गिअरमध्ये गाडी ताशी ६१ किलोमीटर जाते. ०.८० च्या पाचव्या गिअरमध्ये त्याच फेऱ्यांवर ७७ किलोमीटर जाते. डिझेल किती वाचेल आणि इंजिनची ओरड किती कमी होईल हे या एका आकड्यावर ठरते. तो आकडा न पाहता "पाच गिअरचा" म्हणून जादा पैसे मोजणे म्हणजे पन्ना न पाहता ठाण घेणे आहे.

सहावी गोष्ट तब्येत. खालचा बोल्ट खोलून तेल पाहावे. पिवळी चमकणारी भुकटी दिसली तर सिंक्रो रिंग झिजल्या आहेत. पोलादाचा कण चिमटीत येण्याइतका मोठा असेल तर दाता तुटला आहे. ताजे स्वच्छ तेल दिसले म्हणून खूश होऊ नये, ते कालच भरलेले असू शकते. वरचे झाकण खोलू द्यावे, असा आग्रह धरावा. इनपुट शाफ्ट किंचित हलतो, कारण त्याचा पुढचा आधार इंजिनमध्ये असतो. पण मागचा शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेले आहे. आणि टी-९० चा पहिला गिअर मुळातच बिनसिंक्रोचा आहे, तिथे करकर ऐकून विकणाऱ्याला दोष देऊ नये.

हमी कशाची मागायची

जुने स्पेअर विकणारे आमचे बंधू म्हणतील, हा भंगाराचा धंदा आहे, इथे गॅरंटी कसली? त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुना गिअरबॉक्स किती वर्षे चालेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि ती मागणे अन्यायाचे होईल. परंतु आयुष्याची हमी वेगळी आणि ओळखीची हमी वेगळी. ही वस्तू काय आहे, कुठल्या गाडीतून निघाली, तिचे माप काय आणि तिच्यातला माहीत असलेला ऐब कोणता, एवढे सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मालातला ऐब लपवून घेतलेल्या पैशात बरकत नसते, ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको.

घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. मोजल्याशिवाय नेलेला माल पंधरा दिवसांनी परत आणून दुकानात आरडाओरडा करणे बरोबर नाही. मिस्त्रीने शाफ्ट लेथवर कापला, छिद्रे नव्याने पाडली, तर तो माल परत घेण्यास दुकानदार बांधील नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक सौद्याला एक चिठ्ठी असावी. तिच्यावर गाडीचे नाव व साल, ओतीव व ठोकलेले नंबर, पुढच्या-मागच्या स्प्लाइन आणि शाफ्टची लांबी, प्रत्येक गिअरचे मोजलेले फेरे, पेटी खोलून पाहिली की नाही, आणि किती दिवसांत कोणत्या अटीवर परत घेणार, एवढे लिहावे. दोघांनी सही करावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

या चिठ्ठीचा दुसराही उपयोग आहे. मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या सुट्या भागांसाठी देशभर माहीत होता. चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद पडला. चोरांबरोबर सरळ धंदा करणाऱ्यांचीही दुकाने गेली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. माल कुठून आला याचा कागद हातात असेल तर प्रामाणिक माणसाला दोन शब्द बोलता येतात. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून तालुक्याच्या भंगार दुकानापर्यंत सर्वांनी याचा विचार करावा.

गाडीमालकांनी कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. इंजिनचा नंबर आर.सी.वर असतो, म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी. पेट्रोलच्या गाडीत गुपचूप डिझेल इंजिन बसविले तर अपघातानंतर विम्याच्या वेळी ते उघड होते आणि सारा भार मालकावर येतो. "सगळेच करतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

शेवटी एक विनंती मिस्त्री बंधूंना. आपल्या उस्तादांचे ज्ञान त्यांच्या बोटांत होते आणि त्यांच्याबरोबरच गेले. ज्या ज्या पेट्या हाताखालून जातात त्यांची मापे एका वहीत लिहून ठेवा. गाडी, साल, नंबर, स्प्लाइन, लांबी, फेरे, आणि कोणती प्लेट बसली. शागिर्दाला लिहायला बसवा, त्याचाही हात वळेल. वर्षभरात अशी वही तयार झाली की गिऱ्हाईक तुमच्याकडे दोन गावे ओलांडून येईल. आमच्या कापडबाजारात ज्या दुकानाची वही चोख, त्याच्यावर उधारीही डोळे मिटून मिळते. गॅरेजचा धंदा याहून वेगळा असण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.